नवंकोरं जुनं गाव

डिसेंबर लागला, की आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेच्या तोंडावरून सहलीच्या गाड्या जायला लागतात. लाल एसटी, आत आसनांच्या दुप्पट पोरं, टपावर दोरीनं बांधलेली पातेली, खिडकीबाहेर लोंबणारे हात, आणि गाडीच्या अंगावर बाहेरून ओघळून वाळलेले कुणाचे तरी सकाळचे पोहे. पुढच्या सीटवर एक बाई शिट्टी गळ्यात अडकवून बसलेल्या असतात. त्यांच्याकडे बघून कळतं, की त्यांनी आयुष्यात फार मोठी चूक केलेली आहे आणि ती त्यांना आत्ताच, गाडी सुटल्यावर, लक्षात आली आहे. गाडी निघून जाते. मागे संत्र्याच्या सालीचा वास राहतो. आणि त्या वासाबरोबर मला माझं गाव आठवतं.

माझं गाव असं म्हणतो खरं. पण ते माझं नव्हतं. आणि कुणाला सांगणार नसाल तर सांगतो, ते गावही नव्हतं.

झालं होतं असं, की नव्वदीच्या दशकात आमच्या भागातल्या खेड्यांना स्लॅबची हौस आली. ज्याच्या त्याच्या दारात वाळू आणि खडी. जुनी घरं पाडायची, सागवान विकायचं आणि वर गच्ची काढायची. त्या सुमारास कागलच्या रस्त्याला एका ट्रस्टनं एक माळ घेतला आणि त्या माळावर ही पाडायला निघालेली घरं आणून पुन्हा उभी करायला सुरुवात केली. एका गावची चावडी आली, दुसऱ्या गावची लोहाराची भट्टी, तिसऱ्या गावचा तेलघाणा. या सगळ्याचे कर्तेकरविते होते देसाई सर. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आयुष्यभर पोरांनी इतिहासाच्या तासाला झोपा काढल्या, त्याचा सूड म्हणून सरांनी इतिहास चालता-बोलता करायचं मनावर घेतलं होतं, असं आमचं मत होतं.

सर प्रत्येक तुळईवर, प्रत्येक खांबावर आकडा घालून घर उतरवायचे. गडहिंग्लजच्या पलीकडून एक देखणं घर आलं. ते उतरवणारा सुतार सीमेपलीकडचा. त्यानं इमानानं कानडीत आकडे घातले. कानडी सहा आणि कानडी नऊ ही सख्खी जुळी भावंडं आहेत, हे आमच्याकडच्या सुताराला कोण सांगणार? घर उभं राहिलं. रंगरंगोटी झाली, उद्घाटन झालं, हारतुरे झाले. फक्त पुढच्या दारातून आत पाऊल टाकलं की माणूस थेट चुलीवर जायचा, आणि सोप्यात बसावं म्हटलं तर मागच्या परड्यात जावं लागायचं. सरांच्या ध्यानात येईपर्यंत तिथं काम करणाऱ्या आमच्यापैकी एकानं सहलीच्या पोरांना त्याचं कारणही सांगून टाकलं होतं : 'पूर्वीच्या बायकांना भाकरी थापता थापता रस्त्यावरचं येणारं-जाणारं दिसावं, म्हणून चूल पुढच्या अंगाला असायची.' बाईंनी शिट्टी वाजवली आणि सगळ्या पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यातली काही पोरं आता कर्तीसवरती झाली असतील, आणि त्यांच्यातलं एखादं कुठं तरी बसून आपल्या पूर्वजांच्या या मोठ्या मनाबद्दल अजूनही बोलत असेल.

तर अशा त्या नव्याकोऱ्या जुन्या गावात मी एक हंगाम नोकरी केली. दिवाळीच्या सुट्टीपासून होळीपर्यंतचा, म्हणजे सहलींचा हंगाम. सरांना पुतळे नको होते. 'गाव जितं पाहिजे,' ते म्हणायचे. म्हणून त्यांनी गणपतीत नाटकं करणारी आम्ही पोरं धरून नेली आणि जोडीला शेजारच्या गावातली काही माणसं घेतली. त्या माणसांना खरं गाव होतं. ती सकाळी आपल्या खऱ्या गावातून निघून आमच्या खोट्या गावात यायची आणि संध्याकाळी परत जायची. सुंदरामावशी दिवसभर जात्यावर दळण दळायच्या, ओव्या म्हणायच्या. संध्याकाळी जाता जाता आपल्या घरची ज्वारी विजेच्या गिरणीत टाकायच्या. एकदा मी विचारलं, 'मावशी, हितंच का दळत न्हाईसा घरचं?' तर म्हणाल्या, 'खुळा का काय तू? ह्या जात्यावर दळलं तर कच लागतीय भाकरीला.'

कुणी काय व्हायचं हे ठरवायची सरांची एक रीत होती. ज्या घरातून वस्तू आली, त्या वस्तूला हात लावायचा नाही. कापायची नाही, शिवायची नाही, उसवायची नाही. गडहिंग्लजकडच्या त्या घराबरोबर एक कोट आला होता. काळा, गुडघ्याच्या खाली जाणारा, पितळी बटणांचा. कधीकाळच्या कुणा पाटलाचा. तो पाटील काय खाऊन जन्मला होता कोण जाणे; आमच्यापैकी जो तो कोट घाली, तो खुंटीसारखा दिसे. मी घातला तर सुंदरामावशी म्हणाल्या, 'ह्याला उतरवा रं आदी, ल्येकरू घुसमटंल.' कोट लहान करायचा नाही, तर मग माणूस मोठा आणायचा, एवढाच मार्ग उरला. आणि तो माणूस आमच्यातच निघाला. विलास.

विलास कांबळे माझा नाटकातला दोस्त. उंच, रुंद, आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतलं शेंगदाणे खाणारं माणूस थांबावं. त्यानं कोट घातला, बटणं लावली आणि आरशात न बघता आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे आपोआप उठून उभे राहिलो. झालं, विलास पाटील झाला. आणि मी? माझे हात मऊ आहेत, असं सर म्हणाले. मी न्हावी झालो. माझा वस्तरा सरांनी स्वतः दगडावर घासून बोथट केला होता, कारण आजूबाजूला मुलं असतात. तेव्हा मी दिवसभर कुणाच्या तरी गालावर साबणाचा फेस करायचा आणि तो वस्तऱ्यानं निपटून काढायचा. दाढी होती तिथंच राहायची. इतक्या माणसांची दाढी करून एकाचीही न करणारा न्हावी माझ्याआधी झाला नसावा.

आता इथून पुढं माझा गोंधळ सुरू होतो, आणि तो अजून संपलेला नाही.

विलासचं घर बौद्धांचं. त्याचे वडील, आप्पा, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ओतकाम करून निवृत्त झालेले. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तापल्या लोखंडाच्या रसाचे थेंब उडून पडलेले पांढरे ठिपके. आप्पा मिसरूड फुटायच्या वयात गाव सोडून शहरात आले, ते परत गावात गेले नाहीत. त्यांच्याच काय, कुणाच्याच. पाहुण्याच्या लग्नाला जायचे ते एसटी स्टँडापर्यंत, तिथंच आहेर द्यायचे आणि आलेल्या गाडीनं परत यायचे. 'गाव काय असतंय मला ठावं हाय,' म्हणायचे, 'तुमी शिका. तुमी बघू नगा.' त्यांच्या धाकट्या भावानं म्हातारपणी गावी जाऊन घर बांधलं, तर आप्पांनी त्याच्याशी बोलणं तोडलं. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं बोलणं बंद. तो भाऊ गेला, तरी ते सुरू झालं नाही.

असल्या बापाला विलास काय सांगणार, की मी गावात जातो, आणि पाटील होतो? त्यानं सांगितलं होतं, की कागलच्या नव्या पंचतारांकित एमआयडीसीत लागलोय. आप्पांना ते नाव काही केल्या पटायचं नाही. 'पंचतारांकित? म्हंजे हाटेल हाय का कारखाना?' ते मला विचारायचे. 'आन तितं करतो काय ह्यो?' मी म्हणायचो, 'देखरेख, आप्पा.' ते तसं खोटंही नव्हतं. विलास सकाळी खाकी पॅंट-शर्ट घालून, डबा घेऊन निघायचा. एमआयडीसीच्याच गाडीत बसायचा आणि अलीकडे माळावर उतरायचा. तेलघाण्याच्या मागं जाऊन रोज गुळगुळीत दाढी करायचा, कारण त्याशिवाय पाटलाची मिशी चिकटायची नाही. मग कोट. संध्याकाळी उलटा प्रवास. 'आप्पांनी मारलं तर सोशीन रं,' तो मला गाडीत म्हणाला होता. 'पर काकासंगट केलं तसं केलं, बोलायचंच सोडलं, तर मी काय करू?' खिडकीतून गुऱ्हाळाच्या रसाचा गरम, गोड वास येत होता. त्या वासात कुणाचं काही वाईट होईल असं वाटतच नाही.

गावात विलासचा मान वाढत चालला. आमचा लोहार तानाजी. शेजारच्या गावचा, घरची शेती, घरची म्हैस. सरांनी नियम केलेला, की पाटील समोरून आले की सगळ्यांनी रामराम घालायचा. तानाजीला ते जड जायचं. पहिल्या दिवशी तो विलासच्या तोंडाकडे न बघता कोटाच्या तिसऱ्या बटणाकडे बघून म्हणाला, 'रामराम. मी आपला कोटाला घालतो बरं का.'

विलास म्हणाला, 'घाल की. कोटबी तुलाच घालतोय. मी मधी कुठं पडतोय?'

महिनाभरात काय झालं असेल? एके दिवशी सहली संपल्यावर तानाजी चावडीपुढं येऊन घुटमळत उभा. त्याचं आणि त्याच्या भावाचं बांधावरून वाजलं होतं. भाऊ बाहेर रस्त्यावर सायकल धरून उभा. तानाजीला विलासनं निवाडा करायला हवा होता. विलास तेव्हा खाकी कपड्यांत, डबा हातात घेऊन निघालेला. तो हसला. 'अरं, मी खरा पाटील न्हाय.'

'ते मला ठावं हाय की. पर तू तितं बसून बोलतुयास ते बरं असतंय.'

'बरं, बलीव त्याला.'

तानाजी हलेना. मग हळूच म्हणाला, 'कोट घाल की मर्दा. असा कसा ऐकंल त्यो?'

आणि विलासनं कोट घातला, मिशीसकट. निवाडा दिला. दोघा भावांनी तो ऐकला. मी पिंपळाखाली माझा खोटा वस्तरा पुशीत बसून हे बघत होतो, आणि मला कळत नव्हतं की नेमकं कोण कुणाला फसवतंय. पिंपळाखाली म्हटलं खरं. पण जुनं झाड काही उचलून आणता येत नाही, त्यामुळे तो पिंपळ माझ्या खांद्याएवढा होता. त्याच्या सावलीत बसायला कल्पनाशक्ती लागायची.

माझी गत निराळी. माझ्याच वर्गातला एकजण मास्तर होऊन सहल घेऊन आला. मला ओळखलं नाही. विलासला म्हणाला, 'पाटीलसाहेब, आपण मुलांना दोन शब्द सांगावेत.' आणि माझ्याकडे वळून : 'ए, सरक तिकडं, पोरांना दिसू दे.' मी सरकलो. सरकताना मला वाटलं, याला आता माझं नाव सांगावं. मग वाटलं, सांगितलं तर हा ओशाळेल. मग वाटलं, ओशाळेल म्हणजे काय? न्हाव्याला 'ए' म्हटलं तर चालतं, आणि मला म्हटलं तर नाही, असंच ना? इतकं सगळं वाटेपर्यंत सहल घाण्याकडे निघून गेली होती.

गेल्या वर्षी मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर पालक म्हणून मी तिथं पुन्हा गेलो होतो. आता माणसं नाहीत. देसाई सर गेले, ट्रस्टी बदलले, आणि नव्या लोकांनी फायबरचे पुतळे बसवले आहेत. पुतळे वेळेवर येतात, रजा मागत नाहीत. पिंपळ मात्र खरोखरच मोठा झाला आहे. त्याखालचा न्हावी माझ्यापेक्षा बरा न्हावी दिसतो. त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ नाही. घराची चूल अजून पुढच्याच अंगाला आहे. मुलीनं माझ्या शर्टाला धरून विचारलं, 'बाबा, तुम्ही जुन्या काळात इथं होता ना?' तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी म्हणालो, 'होतो की. एक हंगाम.' तिनं पुतळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मैत्रिणींना काही तरी सांगायला पळाली. तिच्या वर्गात आता माझं वय काय धरलं जातं, ते विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

त्या हंगामाचं मी कुणाला काही सांगायला बसलो, की शेवटी येऊन पोचतो ते एका सकाळपाशी. संक्रांत होऊन गेली होती. लोकांच्या शर्टाच्या खिशात अजून तीळगूळ चिकटलेला. एक गाडी वेशीपाशी थांबली. पुढं निळा-पांढरा फलक, बुद्धविहाराची सहल. पांढऱ्या साड्यांतल्या बाया उतरल्या, पोरं उड्या मारत उतरली, आणि सगळ्यात शेवटी दांड्याला धरून, एकेक पायरी जपून, आप्पा उतरले.

त्यांना कुणी काय सांगून आणलं होतं, ते मला नंतर कळलं. 'प्रदर्शन' बघायला जायचंय असं सांगितलं होतं. पांढरा शर्ट, डोक्याला काही नाही, हात मागं बांधलेले. मी फेटा भुवयांपर्यंत खाली ओढला.

देसाई सर स्वतः गाव दाखवायला निघाले. ही भट्टी, हा घाणा, हे कुंभाराचं चाक. आप्पा सगळ्यांच्या मागून चालत होते. फौंड्रीत नवा साचा आला की कडेनं फिरून बघतात, तसं बघत होते. गावाची फेरी पुरी होऊन लोक माझ्या पिंपळाजवळ आले, तेव्हा ते म्हणाले, 'सर, एक इचारू का?'

'विचारा की.'

'गाव झ्याक केलंय. आमची आळी कुठं हाय?'

सर थांबले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. 'त्याचं असं झालं... आमच्या बैठकीत यावर फार चर्चा झाली. ती वस्ती दाखवावी, तर तुम्हा लोकांच्या मनाला लागेल. म्हणून मग आम्ही...'

'म्हणून मग न्हाईच केली?'

'नाहीच केली.'

आप्पांनी मान हलवली. एकदा वेशीच्या आत बघितलं, एकदा बाहेर, जिथं नुसता माळ होता आणि तानाजीची सायकल स्टँडवर उभी होती. 'तवा गावाच्या भाईर तरी हुतो,' ते म्हणाले. 'आता भाईरबी न्हाय व्हय?'

बाया खळखळून हसल्या. सरही हसले, आणि मग आपण हसावं की नाही हे न कळून थांबले. मला सरांचा राग आला नाही. अजून येत नाही. मीच त्या बैठकीत असतो तर काय केलं असतं, याचा मी कित्येकदा विचार केला आहे. ती घरं बांधायची म्हटलं, तर कुणाला तरी उद्यापासून तिथं बसवावं लागणार, आणि सहलीची पोरं लांबून बघणार. बांधायची नाहीत म्हटलं, तर ज्यांनी ते सोसलं त्यांना सांगायचं, की असं काही नव्हतंच. दोन्हींतलं एक निवडलं की दुसरं बरं वाटायला लागतं.

आप्पांनी मात्र काही निवडायची वाट बघितली नाही. ते सरळ माझ्यासमोर अंथरलेल्या पोत्यावर येऊन बसले. पाय दुमडले. 'मग आमी कुठं बसायचं ते आमीच ठरवाय पायजे,' म्हणाले. 'कर रं दाढी.'

मी खाली बघत पाण्यात ब्रश बुडवला. तो माझ्या हातातून वाटीत पडला.

'अर्रर्र! तू रं? तू हितं काय करतुयास?'

'नोकरी, आप्पा.'

'आन आमचा इलास?'

'तो... तिकडं. एमआयडीसीत.'

आणि त्याच वेळी चावडीतून, पुढं गेलेल्या पोरांसाठी, पाटलांनी आवाज टाकला : 'कोण आहे रे तिकडे?' असा, की पोरं किंचाळून हसली. आप्पांची मान हळूच त्या बाजूला वळली. तो आवाज लहान होता तेव्हापासून त्यांनी ऐकलेला. चेहऱ्यावरून काही कळेल म्हणून मी बघत राहिलो, तर त्यांनी गाल पुढं केला. 'फेस कर.'

'आप्पा, वस्तरा खोटा हाय.'

'न्हावी हाईस न्हवं? मग कर.' आणि मी फेस करत असताना, माझ्याशी की स्वतःशी ते कळेना, ते बोलत राहिले. 'आमच्या गावचा न्हावी म्हस भादरायचा. मी ल्हान हुतो. तासन्‌तास बघत उभा ऱ्हायचो. म्हस डोळं मिटून घ्यायची, लई बेस वाटायचं तिला. माझ्या बाच्या गालाला मातूर हात लावला न्हाय कंदी त्यानं.'

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं. पण फेस माझ्या बोटांना लागलेला होता, आणि गाल समोर होता.

भट्टीपाशी उभा राहून 'आमचा इलास' ऐकलेला तानाजी चावडीकडं पळाला. 'पाटील, चला, चला. तुमचं वडील न्हाव्याम्होरं बसल्यात!' विलास आला. कोट, पागोटं, मिशी, मागं पोरांची रांग. घोळक्यातली एक बाई म्हणाली, 'अगं बया, ह्यो तर आपला इलास!' आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. तोंडभर पांढरा फेस घेऊन आप्पा बघत होते. आधी जोडे बघितले. मग कोटाचा घेर, मग एकेक बटण, मग मिशी. फार सावकाश.

मग आप्पा म्हणाले, 'पाटील, तुमच्या न्हाव्याचा वस्तरा बोथाट हाय.'

विलासनं तोंड उघडलं. मी त्याच्याबरोबर इतकी नाटकं केली, पण तो वाक्य विसरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. शेवटी पाटलाचाच आवाज काढून, पण मध्येच चिरकत, तो म्हणाला, 'न्हावी! घाण्याच्या मागं माझी पिशवी हाय. त्यातला वस्तरा आण.'

मी पळालो. परत आलो तेव्हा सर कळवळून सांगत होते, 'अहो, पण त्या काळी असं होत नव्हतं! मुलं लिहून घेतायत!'

'लिवू द्या की सर,' तानाजी म्हणाला. 'चुलीचंबी लिवलंयच की त्यांनी.'

मी आयुष्यात दुसऱ्याची दाढी केली नव्हती. आप्पांचा गाल खरबरीत, मध्ये मध्ये भाजल्याचे खड्डे. त्यावरून मी वस्तरा बोटभर न्यायचो आणि उचलायचो. कानाजवळ एक लाल ठिपका उमटला.

'रगात काढलंस व्हय रं?'

'चुकलं, आप्पा.'

'चुकू दे. फुडं कर.' आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

एक बाजू झाली असेल नसेल, तोवर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. त्याला पुढं आणखी दोन ठिकाणं गाठायची होती. बाया म्हणाल्या, 'आप्पा, चला, ऱ्हाऊ दे ती दाढी.' आप्पा उठले. माझ्या टॉवेलानं फेस पुसला. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर पांढरी खुंटं. पोरं फिदीफिदी हसत होती. त्यांनी लक्ष दिलं नाही. ते विलाससमोर गेले. त्याच्या कोटाचं एक बटण दोन बोटांत धरलं, उलटंसुलटं केलं, अंगठ्यानं घासलं.

'पितळ हाय,' म्हणाले. 'वतलंय चांगलं.' आणि मग, बटण न सोडता : 'उरलेली अर्धी घरात. तू करायचीस. कोट हितं ठिवून ये.'

आणि गाडीत जाऊन बसले.

तो सगळा दिवस विलास मला एकच विचारत होता. 'रागानं म्हणाले का रं?' मी म्हणायचो, 'न्हाय वाटत.' 'मग खुशीत म्हणाले?' 'तसंबी न्हाय वाटत.' 'मग कसं म्हणाले?' आम्ही दोघांनी ते वाक्य इतक्या वेळा, इतक्या सुरांत म्हणून बघितलं, की शेवटी त्याला काही अर्थच उरला नाही. संध्याकाळी तो एकटा घरी जायला तयार होईना. मी बरोबर गेलो.

गल्लीत शिरलो तर आप्पा दारातल्या पायरीवर बसलेले. खांद्यावर टॉवेल, पुढं पितळी वाटीत पाणी. सहल परतल्यापासून ते तसेच, अर्ध्या दाढीनं, तिथं बसले होते. येणारा-जाणारा विचारत होता, 'आप्पा, हे काय नवीन?' आणि ते सगळ्यांना एकच उत्तर देत होते, 'न्हावी यायचा हाय.' आम्हाला बघून समोरच्या दारातली बाई ओरडली, 'आप्पा, आला बगा तुमचा न्हावी!'

विलास त्यांच्यापुढं उकिडवा बसला. ब्रश घेतला, पाण्यात बुडवला. आप्पांनी त्याचं मनगट धरलं.

'आदी ती मिशी काढ.'

गडबडीत तो मिशी काढायचीच विसरला होता. एमआयडीसीच्या भरलेल्या गाडीतून, अख्ख्या कोल्हापुरातून तो पाटलाची मिशी लावून आला होता, आणि माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं. त्यानं एका झटक्यात ती ओढून काढली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डिंक ओढला गेला म्हणून आलं की कशानं, हे मला आजतागायत सांगता येत नाही. त्यानं ती मिशी कुठं ठेवावी न कळून माझ्या हातात दिली, आणि आप्पांच्या उजव्या गालाला फेस लावायला सुरुवात केली.

आप्पांनी गाल फुगवून त्याच्यापुढं धरला.

'हां,' ते म्हणाले. 'आता सांग. दिसभर करतो काय तुजा त्यो पाटील?'